दुरुस्तीपुरते बाहेर पडा

मी, संतराम ग्यानबाराव पौळ, वय एकाहत्तर, धंदा शेती व घरभाडे, राहणार हिंगोली, लिहून ठेवतो की छाती दगा देत असली तरी डोके जागेवर आहे आणि हा मजकूर कोणी माझ्याकडून दाबून लिहून घेतलेला नाही. मुलगा विजयकुमार तसे म्हणेल. त्याने खुशाल म्हणावे.

१. सेनगावची जमीन विजयकुमारला. राहते घर पत्नी सुमनबाईला तिच्या हयातीपर्यंत, नंतर विजयकुमारला.

२. सागवानी शिडीही त्यालाच. दरवर्षी मृगाआधी तिच्यावर चढून माळवद बघावे. मी आयुष्यभर खालूनच बघत आलो.

३. मागच्या दोन खोल्यांबद्दल. १९९७ साली एकीत शिवणकाम करणारा प्रेमदास राहायचा. "माळवद गळतंय, दुरुस्तीपुरता बाहेर पड," असे मी त्याला सांगितले. माळवद ठणठणीत होते. मला दुसरा भाडेकरू ठेवायचा होता. प्रेमदास शिलाई मशीन डोक्यावर घेऊन गेला. परत आला तेव्हा दाराला माझे कुलूप होते. तेव्हा ती हुशारी वाटली, आज लाज वाटते.

दुसरीत त्याच्याच तांड्याचे शंकरसिंग व जमनाबाई हे नवरा-बायको. शंकरसिंग मोंढ्यात हळदीची पोती उचलायचा. २००२ साली त्यांच्या खोलीची तुळई खरोखरच वाळवीने खाल्ली. बाहेर पडा म्हणालो, तर जमनाबाई चुलीपुढून उठली नाही. "मालक, प्रेमदासलाबी तुमी असंच म्हणलं व्हतं. चूल मोडली की खोली गेली. आमी न्हाई निघत."

गवंडी दोनदा परत गेला. मी त्यांची वीज तोडली, भांडखोर भाडेकरू म्हणून गावभर बदनामी केली, आणि एकदा अंगणातून ओरडलो, "मरा मग!" मृगात तुळईचे एक टोक खाली आले. शंकरसिंगचा उजवा खांदा कायमचा गेला. त्याला आता पाण्याचा तांब्याही उचलवत नाही. मला याचे फार वाईट वाटते, आणि हे मी त्याला अजून तोंडाने सांगितलेले नाही.

४. तुळई आजही टेकूवर आहे आणि ती दोघे आजही निघत नाहीत. म्हणून ती खोली त्या दोघांच्या नावे करतो. दुरुस्ती लगेच, माझ्या खर्चाने. तोवर त्यांनी माझ्या राहत्या घरात राहावे, खोलीची किल्ली जमनाबाईच्या कमरेला असावी. गवंड्याने तिच्या चुलीला हात लावू नये. सुमनबाईला विचारले, तर ती म्हणाली, "हे तवाच काहून न्हाई सुचलं?"

५. हे जमनाबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "प्रेमदासची सही असंल तर निघतो."

काल तांड्यावर गेलो. प्रेमदासने मशीन थांबवली नाही. "मालक, माझ्या खोलीची दुरुस्ती झाली का?" नाही म्हणालो आणि कागद पुढे केला. "मग जमनाबाईची झाल्यावर या. सही तवा करतो."

मृगाला अकरा दिवस आहेत. आज सकाळी माझी खाट मी त्यांच्या खोलीत त्या तुळईखाली टाकली. जमनाबाईने चहाला आधण ठेवले.

साक्षीदार:
१. ओमप्रकाश (शेजारी) — सही
२. मोहनसिंग (गवंडी) — अंगठा
३. प्रेमदास — जागा राखून ठेवली आहे

लिहून ठेवणार: संतराम ग्यानबाराव पौळ — सही
ठिकाण: हिंगोली, मागची खोली, टेकूजवळ
दिनांक: २७ मे २००४