दोणीतलं कमळ

९ मार्च १९५८
तेरेझाने आज कमळाचा कंद आणून दिला. तिच्या बापाची तळी तिचा भाऊ बुजवतोय — भातासाठी. हा शेवटचा. "भाई, तुमच्याकडे जगात," म्हणाली. खोकला काही सुटत नाही तिचा. इतक्या वर्षांची शेजारीण, पण मागणं हे पहिलंच — फुललं की एकदा दाखवायचं.
विहिरीजवळच्या दगडी दोणीत लावला.

३० मार्च
काही उगवेना. तेरेझाचा नवरा प्लासिद आला, दोणीत हात घातला आणि हसतच सुटला. मी कंद परसातल्या कणगी-रताळ्यासारखा खोल पुरून वर माती चढवली होती! मग कुंपणापलीकडून तेरेझा — "भाई, ती कणगी नाय! डोळो वयर ठेवा, ताका वारो व्हयो." कुजलेला भाग कापला, उरलेला आडवा ठेवला. कोंबाचा डोळा उघडा.

१४ मे
पान! चिमुकलं, पाण्यावर लोळतंय. बायकोला, दुर्गाला, ओढत नेऊन दाखवलं. म्हणे, "नातू झालो तेव्हाय इतके नाचाक नाय तुम्ही."

२ जुलै
तेरेझाने अंथरूण धरलंय. ताटाएवढं पान नेऊन दिलं. बापाच्या तळीच्या गोष्टी सांगत बसली — कोवळ्या बिया सोलून खायच्या, कंदाची भाजी, चर्चच्या फेस्ताला डुकराचं सोरपोतेल ह्याच पानांवर. गणपतीला फुलं मात्र आम्हा हिंदूंकडे. "पानां आमची, फुलां तुमची!"

११ ऑगस्ट
कळी आली. दुर्गा म्हणते, पहिलं फूल सातेरी देवीचं. खरंच आहे — वेलाची पहिली काकडीसुद्धा देवळात गेल्याशिवाय ही चिरत नाही. पण मी तेरेझाला शब्द दिलाय, आणि तिचं काही खरं दिसत नाही.


१९ ऑगस्ट
सकाळी फूल नाही. दुर्गाही नाही. म्हटलं, गेली देवळात! तोंड कसं दाखवू असं करत तेरेझाकडे गेलो — तर दुर्गा तिच्या खाटेशी. फूल तांब्यात, तांब्या तेरेझाच्या मांडीवर. माझ्याकडे न बघता दुर्गा म्हणाली, "सातेरी थांबात. आवशीक लेकराचा मन कळता."
तेरेझाने डोळे भरून बघितलं. मग प्लासिदला म्हणाली, "आता ह्यां देवीक नेऊन दी." गेला बिचारा. टोपी काखेत मारून, देवळाच्या पायरीपर्यंत.

२७ ऑगस्ट
परवा तेरेझाला मातीत ठेवलं.
आज प्लासिद कंदाचा तुकडा मागायला आला, तिच्या थडग्याच्या पायाशी मडक्यात लावायला. बरोबर गेलो. त्याने तो खोल पुरला आणि वर माती दाबत राहिला.
मी हसलो नाही. हळूच डोळा वर काढून ठेवला.