'येते' म्हटल्यावर

केळशी, सोमवार, संध्याकाळ

अमेरिकेत मुलांच्या उन्हाळी कॅम्पवर ताई म्हणून काम करायचंय, तर अर्जासोबत स्वतःचा व्हिडिओ हवा. दिवेलागणीला पडवीत केला. घरात मी एकटीच. इंग्रजी बरं जमलं. शेवटी तुमच्या भाषेत निरोप घ्या म्हणे, म्हणून 'येते' म्हटलं. 'जाते' कोण म्हणतं आपल्यात?

मग लावून पाहिला. माझ्या 'येते'नंतर कुणीतरी हळूच खाकरतंय, आणि म्हणतंय, "ये गो."

मी बाहेर निघाले की माझे वडील, आप्पा, झोपाळ्यावरून हेच म्हणायचे. आप्पांना जाऊन आता वर्ष होईल.

आई देवळातून आली तेव्हा काही न सांगता तिला ऐकवलं. "परत लाव," म्हणाली. पुन्हा ऐकलं आणि पदराने डोळे पुसले. "पाठव गो बिनधास्त. त्यांनी ये म्हटलंनी, म्हणजे तू सुखरूप परत येणार."

असेलही. पाठवला. पण ते खाकरणं काही डोक्यातून जात नाही. आईच्या लक्षात कसं आलं नाही? निरोप देताना आप्पा कधीच खाकरत नसत. खाकरायचे ते कुणाला जवळ बोलवायचं असलं की.