ते ड्यूटीवर होते

यवतमाळ, मंगळवार, एप्रिल १९६३

कामगार कायद्याच्या वर्गात आज साहेबांनी उदाहरण दिलं. सरकारी रस्त्यावरचा मिस्त्री दुपारी झाडाखाली पाणी प्यायला गेला, साप चावून मेला. तो ड्यूटीवर होता का?

मागचा कारकून हसला. “झोपला असन बुवा! ड्यूटी कायची?”

आर्णी रस्त्यावर आमचे हे असेच गेले. कचेरी तेव्हा म्हणाली, कामावर नव्हते.

उठले कशी, कोण जाणे. “झोपले नव्हते, साहेब. पाणी प्यायले गेलते ते.”

‘तो’चं ‘ते’ झालेलं सगळ्यांनी ऐकलं.

साहेब हळूच म्हणाले, “बसा, बाई. पाणी प्यायला गेलेला माणूस ड्यूटीवरच असतो.”

हे ऐकायला सासूबाई हव्या होत्या. शेवटच्या दुखण्यातही म्हणायच्या, “माहं पोरगं कामावरच गेलं.”