पोळ्याला मळलेली मारुती

बदनापूर, ४ सप्टेंबर २०२४

चि. सोमेश्वरास आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझा पाय अजून पलस्तरातच हाय. फोनवर मला ऐकू येत न्हाई, आन् तुझी उषा आत्या ऐकलेलं निम्मं गाळून सांगते. म्हणून जे हाय ते कागदावर लिही आन् कारभारीच्या भाजीच्या टेम्पोत दे. तो रोज वाटूरहून इकडं येतो.

उषा म्हणाली, तुझ्या बहिणीची, वर्षाची, तब्येत बराबर हाय. मंग डॉक्टरनं तिचं मीठ का तोडलं? बाळंतपणाला माहेरी आलेली पोर, पाय सुजलेले, डोकं ठणकून राह्यलं, आन् तुम्ही म्हणता बराबर. तुमची मायही असंच म्हणायची. वर्षा झाली आन् तिला झटके सुरू झाले. जीप मिळेपर्यंत उशीर झाला, रस्त्यातच गेली. तू लहान होतास, तिच्या डोक्याला मी मांडी दिली होती.

दवाखान्याची गाडी चिखलात आपल्या वाडीपर्यंत येत न्हाई. घरची मारुती तेवढी हाय, आन् कारभारी सांगतो की ती फाट्यावर बंद पडल्ती. खरं काय ते लिही. दाढी वाढवून हिंडतोस ते नंतर बघते.

लोभ हायेच, आधी गाडीचं कळव.
गोपिकाबाई

वाटूरजवळची वाडी, ५ सप्टेंबर

ती. आजीस सोमेश्वरचा सा. न. वि. वि.

तुला खोटं लिहिता येत न्हाई म्हणून लिहितो. मारुती दुपारी उन्हात चांगली पळते. सकाळी दव असलं, पाऊस आला, की हिसके देते, चढावर दम सोडते आन् बंद पडते. टाकीतलं पेट्रोल बदललं, प्लग नवे टाकले. काहीच फरक न्हाई. आन् पाऊस तर उघडून न्हाई राह्यला.

पोळ्यापासून जास्त झालंय. रागावू नको. बैल विकल्यापासून पोळ्याला गोठा बघवत न्हाई. म्हणून आदल्या दिवशी खांदमळणीला मी मारुतीचं बॉनेट उघडलं, इंजिन पाइपानं धुतलं, आन् बैलाच्या खांद्याला चोळतो तशी तूप-हळद त्याला चोळली. वायरींनाही लावली. वर्षानं ओवाळलं. लई दिवसांनी हसली होती.

डॉक्टर म्हणाले, डोळ्यापुढं अंधारी आली तर बिलकुल थांबू नका. तिला आत्ताच जालन्याला ठेवू म्हटलं, तर ती गणपती बसल्यावर जाऊ म्हणते. ती पाण्याला उठली तरी मी दचकून उठतो.

असाच आशीर्वाद राहू दे. रागही चालेल.
तुझा सोमेश्वर

बदनापूर, ६ सप्टेंबर

चि. सोमेश्वरास अनेक आशीर्वाद. वि. वि.

बैलाला खांदा असतो रे. मारुतीला कुठं सापडला तुला?

शेजारचा कचरू गाड्या दुरुस्त करतो, त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. आधी खोकला येईस्तोवर हसला. वर्षाचं ऐकलं आन् पत्र पुन्हा वाचायला लावलं. म्हणाला, ठिणगी प्लगकडं वायरीतून जाते. वायर जुनी झाली की तिचं रबर कडक होऊन तडकतं. वरून ओल लागली, की ठिणगी प्लगपर्यंत जायच्या आधीच बाहेर पळते. तू धुतलंस आन् चोळलंस, म्हणजे तिला वाट करून दिलीस.

गाडी गोठ्यात घे आन् मागचं दार उघडं ठेवून समोर पोती लाव, अंधार कर. इंजिन चालू करून लांबून बघ, हात घालू नको. वायरीवर निळं काही नाचलं तर समज. नव्या वायरी कारभारीजवळ दिल्यात. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर एक काढ, तिच्या लांबीची एक घाल, मंग दुसरी. सगळ्या एकदम उपटल्यास तर कोणती कुठली ते तुझ्या बापालाही सांगता यायचं न्हाई. रबराची टोपी धरून ओढ. बसवताना टक् वाजलं पाहिजे.

वर्षाला सांग, गणपती सगळीकडं बसतो, जालन्यातही. मला हितं बसून घास गिळवत न्हाई, ते तिला सांगू नको.

जल्दी कर, मंग लोभाचं बघू.
गोपिकाबाई

जालना, दवाखाना, ८ सप्टेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

वर्षा जिवंत आहे. आधी तेच लिहितो.

काल वायरी मिळाल्या. गोठ्यात अंधार केला. मधल्या वायरीवर निळ्या रेघा सरपटत होत्या, तडतड आवाज करत. तुपावर धूळ बसून खरूज झाल्यासारखी दिसत होती ती. तू म्हणालीस तसं एक काढली, एक घातली. शेवटची काढून हातात होती, तेवढ्यात वर्षा दारात येऊन म्हणाली, दादा, तुझं तोंड दिसंना मला.

टोपी बसंना. टक् वाजंना. तिला भिंतीला टेकून बसवलं आन् दोन्ही अंगठ्यांनी रेटली, तेव्हा वाजलं.

रस्ताभर पाऊस. गाडीनं एकदाही दम सोडला न्हाई. जालन्याच्या अलीकडं वर्षाला झटका आला. मी थांबलो न्हाई आजी, तिच्याकडं बघितलंही न्हाई, गाडी तेवढी पळवली.

ऑपरेशन झालं. मुलगी आहे, लहानगी, काचेच्या पेटीत ठेवलीय. वर्षा शुद्धीवर आली न्हाई. डॉक्टर म्हणतात, आज कळेल काय ते. तिला ऐकू जात असेल, बोलत राहा म्हणाले. दाजी पुण्याहून निघालेत. माझ्या तोंडून शब्द फुटत न्हाई. तू काय बोलली असतीस ते लिहून दे. कारभारी बाहेर थांबलाय.

सोमेश्वर

बदनापूर, ८ सप्टेंबर

चि. वर्षाराणीस अनेक आशीर्वाद.

वाचून राह्यलाय सोमेश्वर, पण बोलतेय मी. डोळे उघड.

तुझी माय गेली तेव्हा तू हातभर होतीस. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं तुझ्या तोंडात पिळलं मी. निम्मं ओकायचीस. तुला जगवायचं होतं म्हणून तिच्यासाठी रडले सुद्धा न्हाई. एकदा केलं ते. पुन्हा करायची न्हाई. माझ्यात ती ताकद उरली न्हाई, आन् असती तरी मी न्हाई म्हणले असते.

पेटीत पोर पडलीय, तिला अजून कुणी उराशी घेतलं न्हाई. ते काम तुझं. दुसऱ्याच्या गळ्यात टाकून निजायची रीत मी तुला शिकवली न्हाई. ऊठ.

लोभ मागत न्हाई, हुकूम करते.
तुझी आजी, गोपिकाबाई

सोमेश्वर, हितं थांबू नको. पुन्हा पहिल्यापासून वाच.