मीच केलं, मास्तर

रविवार, ९ ऑगस्ट १९९८. ठाकुर्ली.

परत पडलं. साडेनऊला प्रोग्राम बांधायची ‘मेक’ आज्ञा दिली, पावणेबारापर्यंत स्क्रीनवर ओळी सरसर वर जात होत्या, मग ‘सिग्नल ११’ अशी एरर आणि खेळ खलास. मागच्या रविवारी वेगळ्याच फाइलवर पडलं होतं. त्याच्या आधी तिसऱ्याच.

नीता चहा ठेवून म्हणाली, “अहो, तयार सॉफ्टवेअर मिळत नाही का?” मिळतं, पण आपल्या ऐपतीतलं नाही. हे फुकट आहे. फक्त ते सोर्स कोडमध्ये, म्हणजे लिहिलेल्या कच्च्या रूपात देतात; त्याचा चालणारा प्रोग्राम बांधायचा, म्हणजे कंपाइल करायचं, ते आपण. डोंबिवलीच्या सायबर कॅफेतून तुकडे करून सहा फ्लॉप्यांवर आणलं. एकदा चाललं की अक्षरांत सूर टाइप करायचे, पाच रेघांवरचं नोटेशन सुबक छापून येतं. एकदा चाललं की.

“पण तुम्हाला हे येतं का?”

आमच्या कंपनीच्या कंप्युटर खात्यात बारा वर्षं काढली. पगारपत्रकं येतात. हे नाही येत.

जूनमध्ये इनास मास्तरांकडे तोंड उघडलं तिथेच चुकलं. कोपरीत राहायचो तेव्हा चार वर्षं त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलो. त्यांचा चौदा जणांचा बँड, लग्नाच्या आणि सणाच्या चाली, सगळं एका वहीत, अर्धं त्यांच्या वडिलांच्या हातचं. वहीला कसर लागलीय. आणि मास्तरांना काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. म्हणाले, “कोनाकडून तरी उतरून घ्यायला पायजे. माज्या डोल्यांनी तपासलेलं बरं.” मी म्हटलं, द्या इकडे, कंप्युटरवर छापून देतो, दोन महिन्यांत. कुणी विचारलं नव्हतं मला.

दोन महिने आज झाले.

शनिवार, २२ ऑगस्ट.

मास्तरांचा शेजाऱ्यांकडून फोन.
“किती झालं रं?”
“निम्मं झालं, मास्तर.”
“मग तेवढं दे ना आनून.”
“सगळं एकदमच देतो.”

फोन ठेवला तर कान गरम झालेला. वही कपाटात आहे. जूनपासून एकदाही उघडलेली नाही.

सोमवार, ३१ ऑगस्ट.

कँटीनमध्ये शुभांगी कर्वे समोर बसली. आमच्याच खात्यात, माझ्यानंतर तीन वर्षांनी लागलेली. फारसं बोलत नाही, काम चोख. मी उगाच रडगाणं गायलो की प्रोग्रामच भिकार आहे, लिहिणाऱ्यांना अक्कल नाही. (त्यांना तसं ई-मेलही केलंय कॅफेतून. उत्तर फार सभ्य आलं. वाचून लगेच पुसून टाकलं.)

तिने विचारलं, “दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडतं?”
“हो.”
“मग प्रोग्राम नाही. रॅम खराब असेल तुमची.”

एवढंच बोलून डबा धुवायला गेली. त्या सभ्य उत्तरातही हेच लिहिलं होतं. मी मानलं नव्हतं.

शनिवार, ५ सप्टेंबर.

झालं!!

शु. (शुभांगी) अर्धी शिफ्ट संपवून डोंबिवलीला घरी जाऊन थेट इकडे आली. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली रॅम, स्वतःच्या मशीनमधून काढलेली. माझी काढली, तिची बसवली. तरी एका फाइलवर अडलं. आपला कंपायलर जुना आहे म्हणाली. मग तासभर नुसतं वाचत बसली. मला वाटायचं कोड लिहितात. ही कादंबरी वाचावी तशी वाचत होती, मध्येच हसत होती. चार ओळी बदलल्या. नीताने पोहे केले ते गार होऊन गेले. संध्याकाळी सहाला शेवटची ओळ आली, एरर नाही.

तिने स्वतः सा रे ग म टाइप करून पहिलं पान काढलं. पाच रेघा, त्यावर काळे टपोरे ठिपके. आम्ही तिघं बघतच राहिलो. पानाच्या तळाला बारीक अक्षरात प्रोग्रामचं आणि लिहिणाऱ्यांचं नाव. शु. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “हे बरं असतं. कुणी केलं ते कळतं.”

जाताना रॅम ठेवून गेली. “नवी आणेपर्यंत वापरा.” तिचं मशीन आता बंदच असणार. हे ती गेल्यावर सुचलं.

रविवार, २० सप्टेंबर.

लिहायला नको वाटतंय. लिहितो.

पहिल्या तीन चाली मास्तरांकडे नेल्या. काल दुपारी तळाची ती ओळ काढली. सोर्समध्ये शोधली, कॉमेंट करून बंद केली, पुन्हा कंपाइल केलं. त्या जागी घातलं: ‘मांडणी – मिलिंद पाटणकर’. नीता बाजारात गेली होती.

मास्तर भिंग घेऊन दारात उजेडाला बसले. पानावर नाक टेकवून एकेक सूर ओठांत म्हणत गेले. बराच वेळ. मग पान मांडीवर ठेवलं आणि माझ्या दिशेला, जरा बाजूलाच, बघत म्हणाले, “बापानं लिवलं तवा दिव्याच्या काजलीनं पान काळं झालेलं. हे बघ कसं हाय. हा प्रोग्राम का काय, तूच केलास काय रं?”

प्रोग्रामबद्दल विचारत होते, की छापण्याबद्दल? दोन्ही अर्थ घेता आले असते. सांगायला एक वाक्य लागलं असतं.

“मीच केलं, मास्तर.”

“आनी चुकत नाय ना कंप्युटर?”

“कंप्युटर चुकत नाही.”

रविवार, ११ ऑक्टोबर.

एकूण चाळीस चाली. टाइप झाल्या एकोणीस, मास्तरांनी तपासल्या अकरा. आज उजवा डोळा मिटूनच बसले होते. त्याने आता नुसता उजेड कळतो म्हणाले. डावा लवकर दमतो. एका पानाला पाऊण तास.

जून ते ऑगस्ट त्यांची नजर बरी होती. तेव्हा माझ्याकडे निम्मं ‘झालेलं’ होतं.

शु.ची रॅम अजून इथेच. नवी आणायला ठाण्याच्या दुकानात दोनदा जाऊन आलो, दोनदा दुकान बंद. खरं तर एकदाच बंद होतं.

रविवार, २९ नोव्हेंबर.

चाळीसही छापून झाल्या. शेवटच्या बऱ्याच घाईघाईत. मास्तरांना आता भिंगानेही दिसत नाही. म्हणाले, “तू तपासलंस ना? मग झालं.” मी हो म्हटलं. नुसती चाळली होती.

रविवार, ६ डिसेंबर.

पुढच्या रविवारी गावचा सण; त्याआधीची बँडची मोठी प्रॅक्टिस, चर्चच्या हॉलमध्ये. प्रत्येकापुढे माझी पानं. शेवटी मला पुढे बोलावलं. शाल, नारळ. मास्तर उठून उभे राहिले, हाताने चाचपत शाल नीट केली, म्हणाले, “माजा विद्यार्थी. यानं स्वता मशीन बनवलं.” टाळ्या. मी वाकलो. मशीन नव्हे, प्रोग्राम, आणि तोही माझा नाही... पण टाळ्या चालू होत्या. कॉर्नेट वाजवणारा डॉमनिक आमच्या कंपनीत बॉयलरवर आहे. त्याने फोटो काढले.

नीताने घरी आल्यावर शालीची घडी घातली आणि विचारलं, “शुभांगीताईंना सांगितलं होतंत का आजचं?”
“नाही.”
तिने शाल वरच्या फळीवर ठेवली, मला हात पोचणार नाही अशा ठिकाणी.

गुरुवार, १७ डिसेंबर.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. डॉमनिककडून कळलं त्यांना. “छुपे रुस्तम निघालात पाटणकर! सोर्सपासून बांधलंत म्हणे. नवा सर्व्हर येतोय, लिनक्सवर. त्याचा चार्ज तुम्हाला देतो, सुपरवायझर म्हणून.”

त्या जागेसाठी शु.चा अर्ज आहे. ऑक्टोबरपासून. मला माहीत होतं.

साहेबांचा फोन वाजला. फोन संपेपर्यंत सांगायचं ठरवलं. फोन संपला. “थँक यू सर” म्हटलं.

चारला ऑर्डर बोर्डावर.

शुक्रवार, १८ डिसेंबर.

डॉमनिकने कँटीनच्या बोर्डावर फोटो लावलाय, शालीचा. शेजारी एक छापलेलं पान. शु. त्याच्यासमोर उभी होती. मी मागे फिरणार होतो, पण तिने पाहिलं.

“तळाला नावं येत होती. मी बघितलेली.”
“काढली.”
“कशी?”
“ओळ कॉमेंट केली.”
“म्हणजे तेवढं जमलं तुम्हाला.”

आवाज चढवला नाही. ऑर्डरबद्दल एक अक्षर नाही. ताट घेऊन बायकांच्या टेबलावर जाऊन बसली. दिवसभर तिच्या कीबोर्डचा आवाज ऐकत बसलो.

रविवार, २० डिसेंबर.

रॅम घेतली. आज दुकान उघडंच होतं. अर्थात उघडंच असतं.

सोमवार, २१ डिसेंबर.

शु.ची रॅम तिच्याच रुमालात, तिच्या टेबलावर ठेवली. तिने ड्रॉवरमध्ये टाकली. “ठीक आहे.” साडेतीन महिने झाले असं मी म्हणणार होतो. तिला मोजता येतं.

रविवार, २७ डिसेंबर.

मास्तरांना सगळं सांगितलं. नाताळची गडबड संपायची वाट बघितली असं स्वतःला सांगत होतो. ते ओसरीवर एकटेच होते. शु. घरी आली, रॅम, चार ओळी, तळाची नावं, ऑर्डर, सगळं. मध्येच थांबलो की ते नुसतं “मग?” म्हणायचे.

शेवटी म्हणाले, “म्हंजे केलं त्या बाईनं आनी शाल तू घेतलीस.”
“हो.”
“आनी तिची जागा पन.”
“हो.”

शिव्या देतील वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाले, “अठरावी चाल वाजव.” खुंटीवरचं व्हायोलिन काढलं, माझंच छापलेलं पान समोर ठेवलं. दुसऱ्या ओळीत त्यांनी हात वर केला.

“हितं सूर उतरतो. फ्लॅट हाय हितं.”

पानावर नव्हता. बरोबर आणलेली जुनी वही उघडून बघितली. होता. त्यांच्या वडिलांच्या शाईत, तपकिरी झालेला, पण स्पष्ट. एकाच नाही, चार ठिकाणी. मी टाइप करताना गाळलेले.

“मास्तर, माझी चूक.”

ते हळू आवाजात म्हणाले, “सनाला सगले असंच वाजवत होते. मी उबा होतो. मला चुकीचं ऐकू येत होतं. पन तू म्हनालास कंप्युटर चुकत नाय. मला वाटलं, डोले तर गेले, आता माजे कान पन गेले. दोन हप्ते झाले, कोनाला बोललो नाय. फिडलला हात नाय लावला.”

मी तिथे बसलेलो. मान वर करता येईना. वर केली असती तरी त्यांना दिसलं नसतं, आणि हा विचार आला याचीसुद्धा...

निघताना म्हणाले, “बाईचं नाव काय?” सांगितलं. दोनदा म्हणून बघितलं, “सुबांगी. सुबांगी.” आणि “सगल्या चाली परत वाजवायच्या. मी ऐकून सांगीन. पयल्यापासून.”

मंगळवार, २९ डिसेंबर.

साहेबांना केबिनमध्ये सांगितलं. ते हसले. “ऑर्डर निघाली हो. सहीसुद्धा झाली. आता कशाला? तुम्ही शिकाल हळूहळू. तुमचा प्रामाणिकपणा आवडला बरं का.”

बाहेर पडताना हलकं वाटलं. म्हणजे सांगूनही झालं, जागाही राहिली, वर कौतुक. पाण्याच्या कूलरपाशी पोचेपर्यंत ते हलकेपण अंगावर आलं.

शु.ला सांगितलं की मी साहेबांशी बोललो.
“कुठे?”
“केबिनमध्ये.”
“दार लावून?”
“...हो.”
“ऑर्डर बाहेर बोर्डावर आहे, पाटणकर.”

रविवार, ३ जानेवारी १९९९.

मास्तरांकडे. पाच चाली झाल्या, भिंगातून निसटलेल्या दोन चुका सापडल्या. आज त्यांनी स्वतः व्हायोलिन घेतलं. अठराव्या चालीतली ती ओळ तीनदा वाजवली, फ्लॅट लावून. मला म्हणाले, “ऐकलंस?”

सोर्समध्ये तळाची ओळ परत चालू केली. माझं नाव काढलं. शु.चं घालायचं तर तिला विचारायला हवं. विचारायचं तोंड नाही.

उद्या अकराला खात्याची मीटिंग. सगळे असतात. कागदावर दहा वाक्यं लिहिलीत. नीताला वाचून दाखवली. ती म्हणाली, “सहाव्या वाक्यापर्यंत तिचं नाव येतच नाही.”

सोमवार, ४ जानेवारी.

बोललो. शेवटच्या विषयानंतर उभा राहिलो. खिशातला कागद काढलाच नाही. “बँडचं सॉफ्टवेअर शुभांगी कर्व्यांनी चालू केलं, मी नाही. सर्व्हरचं काम त्यांना येतं, मला येत नाही.” खुर्च्या करकरल्या. कुणीतरी खोकलं. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. म्हणाले, “हा विषय इथे काढायचा नव्हता.” शु. वहीत काहीतरी लिहीत होती, मान खाली.

दुपारी कुणी माझ्याशी बोललं नाही. बोर्डावरची ऑर्डर तशीच.

संध्याकाळी बसच्या रांगेत ती माझ्यापुढे, मध्ये तीन माणसं. वळून म्हणाली, “दोनच वाक्यं बोललात.”

“अजून बोलायला हवं होतं का?”

उत्तर द्यायच्या आत रांग सरकली. ती पुढच्या दाराने चढली. मला मागे उभं राहायला जागा मिळाली.

उद्या दहाला साहेबांनी दोघांनाही बोलावलंय. शु.ने राजीनामा टाइप केलाय असं डॉमनिक सांगत होता, पण दिला की नुसता टाइप केलाय हे त्याला माहीत नाही.