पेटीला लावलेला कान

४ मार्च

आजी गेली. सकाळी मधपेट्यांपाशी गेली होती, तिथल्याच दगडावर टेकली आणि बसल्या बसल्याच गेली. बाबांचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. मुलांना हातांनी सांगितलं — माझी आजी वारली. पहिल्या बाकावरची मुलगी उठून आली आणि तिने माझ्या गालाला हात लावला. मग मात्र मला फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

५ मार्च

पोचवून आलो. घर माणसांनी भरलंय आणि सगळे मोठमोठ्याने बोलतायत. या घरात एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. चीड येते. एकेकाला हाताला धरून बाहेर काढावंसं वाटतं.

पेटीकाका आले होते. आजीच्या मधपेट्यांच्या कामात हाच माणूस कायम हाताशी असायचा. दारातच थबकले, डोळे पुसले आणि म्हणाले, "आता पेट्यांना कान कोण लावणार?"

काय पण बोलतात! तेही बहिऱ्या बाईबद्दल! दुःखात माणूस काहीही बरळतो.

६ मार्च

डोकं जड झालंय. काहीतरी लिहायला हवं, म्हणून आजीबद्दलच लिहिते.

आमच्या घरात बोलणं म्हणजे हात. बाबांना कळायला लागलं तेव्हापासून आजी बहिरी. ऐकणं गेलं तसं तिचं बोलणंही सुटलं, असं सगळे सांगतात. मी तिचा आवाज कधीच ऐकला नाही. आणि बायकोला ऐकू येत नाही म्हटल्यावर आजोबांनीही तोंड मिटलं ते मिटलंच. "बहिरीशी बोलून घसा कशाला कोरडा करायचा?" असं त्यांच्या वतीने काकू म्हणायची. दोघांनी मिळून हातांची भाषा रचली होती. नाक चिमटीत धरलं की मी — लहानपणी सदा सर्दी! छातीवर मूठ ठेवली की बाबा. कपाळाला हात लावला की काकू. काकूला आजवर वाटतं की तो मानाचा सलाम होता.

आजोबा दुकानात गेले तरी बोटानेच सामान दाखवायचे. लोक म्हणायचे, बिचाऱ्याला सवयच लागलीय, बायकोसाठी किती करतो! मी चौथीत असताना ते गेले. मला आठवतात ते अंगणातल्या बाकावर बसलेले, हातातली काठी जमिनीवर आपटत. ठक ठक. म्हातारपणाचा चाळा, दुसरं काय.

बहिऱ्या मुलांच्या शाळेत मी शिकवते ती आजीमुळेच. मुलाखतीत विचारलं होतं, हातांची भाषा कुठे शिकलात? म्हटलं, घरी. छाती अशी फुगली होती माझी! नोकरी लागल्यावर आजीसाठी कानाचं यंत्र घेऊन आले. तिने ते उलटसुलट करून पाहिलं, नेऊन मधपेटीवर ठेवलं आणि हातांनी म्हणाली — माश्यांना दे, त्यांना माझं काही ऐकू येत नाही. आम्ही पोट धरून हसलो. मी तिचे कान कधी तपासले नाहीत. आजीला कोण तपासत बसतं!

७ मार्च

आज जे कळलं ते आधी लिहून काढते.

सकाळी पेटीकाका माश्यांना धूर द्यायचं धुराडं घेऊन आले. आजी गेल्यापासून पेट्या कुणी बघितल्या नव्हत्या. मी नुसती सोबत म्हणून गेले. त्यांनी एकेका पेटीला कान लावला. चौकोनी लाकडाला गाल चिकटवून, डोळे मिटून — अगदी आजीसारखं! आम्हाला वाटायचं ती पेटीची ऊब बघते. लहानपणी आम्हीही तिच्या शेजारी गाल टेकवून उभे राहायचो आणि ती हसायची.

म्हटलं, "काका, काय करताय?"

"ऐकतोय. राणीमाशी असली की पेटी सरळ गुणगुणते. राणी मेली की रडते. तुझ्या आजीनंच शिकवलं मला. लांबूनच ओळखायची ती. मला अजून नाही जमत तेवढं."

मी हसले. म्हटलं, काका, आजीला ऐकू येत नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लहान पोर आहे आणि आपण भलतंच बोलून बसलो. मग खालच्या आवाजात सगळं सांगितलं. एकदा मोहोळ उठलं होतं. आजी पाठमोरी, वाकून गवत काढत होती. काका बांधावरून जिवाच्या आकांताने ओरडले, "आजी, आडवी हो!" आणि आजी आडवी झाली! सपशेल, तोंड मातीत! माश्या वरून निघून गेल्या. मग उठली, काकांकडे बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

"मी काय बोलणार? तिनं बोट ठेवलं ना. मला वाटलं, घरच्यांना तरी माहीत असेल."

आजीला ऐकू येत होतं. आजीला ऐकू येत होतं!

८ मार्च

बाबांना सांगितलं. "डोकं फिरलंय त्याचं," एवढंच म्हणाले आणि पाण्याची मोटर चालू करून तिच्यासमोर उभे राहिले, म्हणजे मी पुढे काही बोलू नये.

काकूचा मात्र चेहरा पांढराफटक पडला. हातातलं भांडं तसंच खाली ठेवलं. "अगं, मी तिच्यासमोर उभी राहून तिला काय काय म्हटलंय! तोंडभर हसत म्हणायचे, म्हणजे तिला वाटावं कौतुक चाललंय!" आणि आजी? तीही तोंडभर हसायची, मान डोलवायची आणि कपाळाला हात लावायची. मला हसू फुटलं. काकूही हसली. मग आम्ही दोघी ओट्याला टेकून रडलो.

९ मार्च

आज नुसता संताप. फसवलं तिने मला! एकदोन दिवस नाही, जन्मभर! मी ज्या मुलांना शिकवते, त्यांना एक शब्द ऐकण्यासाठी काय काय करावं लागतं ते मी रोज बघते. आणि ही बाई धडधाकट कान घेऊन बहिरी बनून बसली! सोंग! ते बघून मी माझा पेशा निवडला!

आणि जे मी कुणालाच सांगितलं नाही ते तिच्यापाशी बोलायचे. बाकावर तिच्या शेजारी बसून, खुशाल, तोंडाने. विहिरीत खडा टाकावा तसं. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा घरच्यांना म्हटलं, सुट्टीला आलेय. आजीपाशी मात्र खरं बोलले — मी परत जाणार नाही, मला भीती वाटते तिथे. ती शेंगा सोलत होती. मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी उठून बघते तर तिने आपल्या कपाटाचा अर्धा भाग रिकामा केलेला. माझी बॅग त्यात लावलेली. हातांनी म्हणाली — कपडे चुरगळतात. आणि नवरा न्यायला आला तेव्हा धुराडं पेटवून फाटकात उभी राहिली. तो खोकून खोकून परत गेला. मला वाटलं, योगायोग! म्हातारीला काय कळतंय!

ऐकलं होतं तिने. सगळं ऐकलं होतं. रागवू तरी कशी?

पण का? का केलं तिने असं?

१० मार्च

बाबा जेवताना एकदम म्हणाले, "मी तिला एकदा ओझं म्हटलं होतं. तिच्यासमोर." आणि ताटावरून उठले.

११ मार्च

मावशीआजीकडे जाऊन आले. आजीची धाकटी बहीण. तिला अंत्यदर्शनालाही येता आलं नाही, गुडघ्यांनी पार दगा दिलाय. मी दारातूनच विचारलं — आजीला ऐकू येत होतं ना? तिने डोळे मिटले. म्हणाली, "आत ये. बस आधी."

आजोबा गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचे! आमचे आजोबा! मावशीआजी म्हणाली, "भावजींचा आवाज म्हणजे काय सांगू! या टोकाला पुकारलं की त्या टोकाचं जनावर कान टवकारायचं. लोक गुरं घ्यायला नाही, त्यांना ऐकायला यायचे." मग घशात गाठ झाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, आवाज गेला. घरी आले ते भिंतीकडे तोंड करून पडले. बाबा तेव्हा रांगत होते. पाहुणा आला की आजोबा मागच्या दाराने निघून जायचे. मग जेवण टाकलं. मुका म्हणून जगायचं नव्हतं त्यांना.

"एक दिवस ताई सकाळी उठली आणि म्हणाली, मला ऐकू येईनासं झालंय. झालं! मग भावजींना उठावंच लागलं. बहिऱ्या बायकोला बाजारात एकटं कसं सोडायचं? ते तिला हातानं दाखवायला लागले, ती हातानं विचारायला लागली. माझ्याशीसुद्धा चार महिने हातानंच बोलत होती, बया! मग इथलं सगळं विकून मधपेट्या घेऊन तुमच्या गावाला गेले. तिथं भावजींचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. त्यांना कुणी मुकं म्हटलं नाही. लोक म्हणायचे, बिचारा, बायको बहिरी आहे."

चहा तसाच निवला. आवाज गेला आजोबांचा, आयुष्यभर बहिरी म्हणवून घेतलं ते तिने, आणि मी तिला सोंगाडी म्हणाले!

म्हटलं, "पण आजोबा गेल्यावर तरी?"

"मीही तेच म्हटलं. सोड आता. माझ्यापाशी बोलायची ती, दार लावून. म्हणाली, मी ऐकायला लागले तर लोक विचारतील, मग हे का बोलत नव्हते? गेलेल्या माणसाला आता मुकं करू होय?"

निघताना विचारलं, तिचा आवाज कसा होता?

"घोगरा. तुझ्यासारखाच. भांडकुदळ!"

येताना बसमध्ये हलक्या आवाजात स्वतःशीच बोलत आले. शेजारची बाई सरकून बसली.

१२ मार्च

बाबांना सगळं सांगितलं. मोटर चालू केली नाही त्यांनी. ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे हा सगळा खेळ तिनं एकटीनं केला? माझ्या बाबांना कधी कळलंच नाही?" मावशीआजीला मी ते विचारलंच नव्हतं. म्हटलं, कळलं असतं तर आजोबा पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले असते.

१३ मार्च

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. पाठ दाराकडे. बाबा अंगणातल्या बाकावर बसले होते. आजोबांची काठी हाताला लागली असेल, उगाच आपटली. ठक ठक.

मी कप उचलून निघाले सुद्धा!

आजी अशीच जायची. रोज. अशीच पाठमोरी असायची, काठी वाजायची आणि ती कप घेऊन बाहेर यायची.

म्हणजे आजोबांना ठाऊक होतं!