अकरा ओळींबद्दल हुआइयुआनदादांना

पाइशी गाव, कालव्याकाठचं जुनंच घर
२००४, पितरांच्या दिवसाला तीन आठवडे बाकी

वडीलबंधू हुआइयुआनदादा यांना धाकटा चुलतभाऊ हुआइशान याचे तीन वेळा वाकून नमस्कार. (तीनच. चौथ्यांदा वाकलो की सरळ करायला सूनबाईंना हाक मारावी लागते, आणि त्या सध्या भाजी खारवायला बसल्या आहेत.) आपले गुडघे कसे आहेत? पेकिंगच्या कोरड्या हवेत खोकला वाढला नाही ना? ऐंशीव्या वर्षी आपण सातवी भाषा शिकायला घेतल्याचं समजलं. पोर्तुगीज. फार आनंद झाला, पण आपण ती कुणाशी बोलणार हे काही कळलं नाही. इकडे सारं ठीक. अंगणातल्या प्लमला यंदा फुलं कमी आली. मी रोज सकाळी त्याच्यासमोर शाळेतल्या चार कविता म्हणतो, त्याचा हा परिणाम असावा असं सूनबाईंचं मत आहे.

आपलं पत्र मिळालं. ‘मधमाश्यांची होडी’ या आपल्या भाषांतराची नवी आवृत्ती निघते आहे, मूळ हंगेरियन पुस्तक अखेर बुडापेस्टहून हाती आलं आहे आणि आता आपण ओळ न् ओळ त्याच्याशी ताडून पाहणार आहात, हे वाचून मला अतिशय समाधान वाटलं. इतकं, की दोन दिवस जेवण गेलं नाही. त्याबद्दल लिहायचंच आहे. पण आधी माझी एक फजिती ऐका, कारण दोन्ही गोष्टी एकाच खुंटीला टांगलेल्या आहेत.

तालुक्याच्या गावी ज्येष्ठांचं विद्यापीठ निघालं आहे. घरातले म्हातारे दिवसातून दोन तास कुठेतरी अडकून राहावेत यासाठी सुनांनी सरकारकडून ते उघडून घेतलं असा माझा संशय आहे. सुलेखनाच्या वर्गात सगळे निवृत्त अधिकारी. ते एक अक्षर काढतात आणि टाळ्यांची वाट पाहतात. नृत्याच्या वर्गात पंखे घेऊन नाचावं लागतं. म्हणून मी ‘विदेशी कविता’ हा विषय घेतला. शिकवायला ताओबाई आहेत, वय अठ्ठावीस, आवाज खणखणीत. आणि त्यांनी नेमलेलं पुस्तक कुठलं? आपलं! मी पहिल्याच दिवशी उभा राहून सांगितलं, की हे भाषांतरकार माझे सख्खे चुलतभाऊ. ताओबाई म्हणाल्या, “छान. बसा आजोबा. दरवर्षी कुणीतरी निघतंच त्यांचा भाऊ.”

सहामाही परीक्षेत प्रश्न आला तो नेमका पुलाखालच्या बाईच्या ओळींवर. आपल्याला आठवतच असतील (आठवत नसतील तर पान त्र्याण्णव):

पुलाखालच्या शेवटच्या पायरीवर ती डाव्या हाताने कपडे आपटते,
आणि कुणासाठी न थांबणारं पाणी तिच्यापाशी क्षणभर घुटमळतं.

तिथून पुढे मिळून अकरा ओळी. प्रश्न होता, ‘या स्त्रीचे स्वरूप स्पष्ट करा.’ मी दोन पानं लिहिली. बाई डावखुरी होती. गाताना तिचा सूर हमखास चुकायचा आणि चुकला हे तिला कळायचं, म्हणून ती तीच ओळ पुन्हा मोठ्यानं चुकवायची. बदकांची पिसं कोटाच्या अस्तरातून काढताना तिला शिंका यायच्या. मला शंभरापैकी एक्केचाळीस गुण मिळाले. वर्गात सगळ्यात कमी. शेजारच्या आजींना, ज्या अख्खा तास झोपतात, त्यांना त्रेसष्ट.

मी ताओबाईंना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, “आजोबा, मनचं लिहू नका. ती स्त्री म्हणजे नदी आहे, मातृभूमी आहे. शिंका कुठून आणल्यात तुम्ही?”

“पिसांमुळे यायच्या.”

“कवितेत पिसं कुठे आहेत? तुम्ही काय त्या हंगेरियन कवयित्रीला भेटला होतात?”

“तिला नाही भेटलो,” मी म्हटलं, आणि तिथेच थांबलो. पुढचं वाक्य आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. ते आज सांगतो.

दादा, आपल्याला यानगुरुजींची शाळा आठवते ना? पाठांतर म्हणताना गुरुजींकडे पाठ करून उभं राहायचं, डोलायचं आणि म्हणत सुटायचं. मध्ये थांबलं की पोटरीवर बांबूची पट्टी आणि पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही सहा वर्षांनी पुढे होता. तुम्हाला पट्टी ठाऊकच नाही, कारण तुम्ही कधी थांबलाच नाहीत. मी थांबायचो. मग एक दिवस मला शोध लागला, की आठवलं नाही तरी तोंड चालू ठेवायचं. त्याच चालीत, त्याच मापात आपल्या चार ओळी घालायच्या आणि पुढची खरी ओळ सापडली की तिच्यावर उडी मारायची. गुरुजी डोळे मिटून असत. मापात बसलं की ते “हं” म्हणत. अशा रीतीने आपल्या गावातल्या एका पिढीनं प्राचीन काव्यातल्या काही ओळी माझ्या ऐकल्या आहेत.

पुढे एकोणसत्तर साली तुम्हाला शिक्षा म्हणून पेकिंगहून गावी पाठवलं आणि बदकांच्या तळ्यावर नेमलं. हंगेरियन पुस्तक दाण्याच्या पोत्यात लपवलेलं, कागद-पेन्सिल बंद. तुम्ही बांबू घेऊन बदकं हाकायचात आणि एका फेरीला एक ओळ अशा हिशेबानं मोठ्यानं पुटपुटत भाषांतर करायचात. निउ मुकादमानं एकदा पकडलंच होतं. “ए विद्वाना, काय बडबडतोस रे? ही कुठली भाषा?” तुम्ही शांतपणे म्हणालात, “बदकं पेकिंग जातीची आहेत, मुकादम. त्यांना इकडची बोली समजत नाही.” निउ मुकादमाला ते पटलं. वर त्यानं बाकीच्यांनाही तसंच बोलायचा हुकूम सोडला, आणि महिनाभर सबंध तळ्यावर माणसं बदकांशी काहीच्या बाही बोलत होती. (अंडी मात्र वाढली, हे मान्य करायला हवं.) मी रोज पोरांना शिकवून शाळा सुटली की यायचो, त्या दिवशीच्या ओळी तुमच्याकडून घ्यायचो आणि घरी जाईपर्यंत पाठ करायचो. आठ वर्षांत बाराशे ओळी झाल्या. पुस्तक शेवटी सापडलं आणि मुकादमाच्या चुलीत गेलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, “जाऊ दे, हुआइशानच्या डोक्यात आहे.”

एकोणऐंशी साली तुम्ही त्या ओळी न्यायला आलात. तुमच्या स्वतःच्या डोक्यात सहा भाषांचे भाडेकरू. ओळींना तिथे राहायला जागा कुठली? मी परसदारी तुमच्याकडे पाठ करून उभा राहिलो (समोर पाहून मला एक अक्षर आठवत नाही) आणि तीन दिवस म्हणत होतो. तुम्ही लिहून घेत होता. एकदा “मागची ओळ पुन्हा सांग” म्हणालात, तर मला पहिल्यापासून सुरू करावं लागलं आणि दुपारचा भात संध्याकाळी झाला. दुसऱ्या दिवशी मी पुलापाशी पोचलो आणि पुढचं गेलं. साफ गेलं. पन्नाशीला आलेला माणूस मी, पण दादा, पोटरी आपोआप आखडली. आणि तोंड चालू राहिलं.

त्या अकरा ओळी हंगेरीच्या नाहीत. माझ्या आहेत. आज ना उद्या मूळ पुस्तकात तुम्ही पान उलटाल, तिथे पुलाखाली कुणीही नसेल, आणि तुम्हाला माझा राग येईल. तो यावा. विद्वत्तेच्या कामात असली घुसखोरी चालत नाही हे मी, निवृत्त शिक्षक, जाणतो. तरी नव्या आवृत्तीत त्या ओळी निःसंकोच कापाव्यात. मला काहीएक वाटणार नाही. माझी झोप उत्तम आहे.

सूनबाईंचा नमस्कार. खारवलेल्या मोहरीच्या पाल्याची बरणी वेगळी पाठवतो आहे; ती पोर्तुगीजमध्ये गुंग असताना चुलीवर विसरू नये.

आपला आज्ञाधारक,
हुआइशान

ता. क. निःसंकोच असं वर लिहिलं, ते पत्राची शोभा म्हणून. कापू नका. निदान पुढच्या महिन्यापर्यंत तरी नका, कारण मी फेरपरीक्षेचा अर्ज भरला आहे. ताओबाईंना दोन ओळींचं पत्र टाकता आलं तर पाहा. मी तुमचा भाऊ आहे, आणि शिंका खऱ्या होत्या, एवढंच.

दुसरा ता. क. शिंका कुणाच्या हे तुम्हाला सांगायला नको. सूशिनवहिनींना त्या तळ्यावरच्या तापात जाऊन एकतीस वर्षं झाली. फोटो होते ते पुस्तकाबरोबर त्याच चुलीत गेले. मी मागच्या वर्षी सगळ्या नातेवाइकांकडे विचारून पाहिलं, कुणाकडे एकही नाही. ओळी कुणाच्या नावावर छापता याच्याशी मला कर्तव्य नाही, हंगेरीच्या बाईंच्या राहू देत. पण कापाल तर वहिनींनी जायचं कुठे, ते आधी ठरवा.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. तेव्हा परसदारी माझी तुमच्याकडे पाठ होती, त्यामुळे मी पाहिलं काही नाही. पण बाराशे ओळी कागदावर तुमच्या लेखणीची कुरकुर सारखी ऐकू येत होती, आणि वहिनींच्या दुसऱ्या ओळीला ती थांबली. बराच वेळ. मग तुम्ही म्हणालात, “हं. पुढे.” पंचवीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की शाई संपली असेल. शाईच संपली होती ना, दादा? तसं असेल तर कळवा. नसेल तर उत्तर नको, नुसती नवी आवृत्ती पाठवा. मी पान त्र्याण्णव उघडून पाहीन.